संगणक कोणाचा तास घेतो?

आमच्या विज्ञान कार्यशाळांना नेमाने येणाऱ्या एका प्राथमिक शिक्षिका आहेत. तालुक्याच्या गावापासून दूर, दोन शिक्षकी शाळा. मागच्या वर्षी त्यांनी एक पुस्तिका माझ्या हाती ठेवली. प्राथमिक वर्गात संगणक कसा वापरावा याविषयीच्या मार्गदर्शक सूचना तिच्यात होत्या आणि ती त्यांना एका प्रशिक्षणात मिळाली होती. "सर, तुमचं रोजचं काम संगणकावर चालतं. जरा वाचून सांगा, यात मला कामाचं काय आहे?"

मी पुस्तिका वाचली. पहिला तिसरा हिस्सा खोलीविषयी होता. खिडक्यांना पडदे हवेत, चपला बाहेर काढाव्यात, खोलीला कुलूप असावे, किल्ली मुख्याध्यापकांकडे असावी, यंत्रावर आच्छादन घालावे. पुढे इयत्तावार अभ्यासक्रम होता. पहिलीत संगणकाचे भाग ओळखणे, दुसरीत कळफलक व माउस, तिसरीत चित्र रंगवणे, चौथीत मजकूर टंकित करणे. शेवटी नोंदवहीचे नमुने. वीजजोडणीला अर्थिंग आहे का ते पाहावे आणि पडद्यावर उजेडाची तिरीप पडू देऊ नये, या दोन सूचना मात्र खरोखर उपयोगी आहेत आणि त्या नीट समजावून दिल्या आहेत. ते श्रेय द्यायलाच हवे.

पुस्तिका परत करताना मी थोडे गुळमुळीत बोललो असेन. तेव्हा बाईंनीच नेमका प्रश्न विचारला. "सर, मुलं या खोलीत जातील तेव्हा माझा कुठला तास बुडेल, ते यात कुठे लिहिलंय?"

ते कुठेच लिहिलेले नव्हते. या प्रकारची आणखी काही पत्रके आणि परिपत्रके मी नंतर मुद्दाम मिळवून वाचली. यंत्रे किती, खोली केवढी, आठवड्याला तासिका किती, हे सर्व त्यांत आढळते. त्या तासिकेच्या जागी आधी काय चालत होते आणि ते गेल्याने मुलाचे काय होईल, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी पडलेलाच दिसत नाही. माझ्या मते या सूचनांमधला हा मूळ दोष आहे. बाकीचे दोष त्यातून निघतात.

या विचारपद्धतीला इतिहास आहे. आपल्याकडे शाळांत संगणक आणण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४–८५ साली झाला. संक्षेपाने 'क्लास' नावाच्या या प्रकल्पात सुरुवातीला २५० माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश बनावटीची यंत्रे देण्यात आली. प्रकल्पाच्या नावातच 'संगणक साक्षरता' हे शब्द होते. संगणक ही नवलाची वस्तू होती, म्हणून तिची ओळख करून देणे हेच शिक्षण मानले गेले. त्या काळात ते समजण्यासारखे होते. पुढे हाच साचा खाली खाली सरकत प्राथमिक वर्गापर्यंत आला. माझ्या भाचीच्या दुसरीच्या वहीत 'सीपीयूचे पूर्ण रूप लिहा' हा प्रश्न होता आणि फ्लॉपीचे चित्र रंगवायचे होते. तिने फ्लॉपी कधी पाहिलेली नव्हती. तिने ते चित्र गुलाबी रंगवले आणि त्यावर बाईंची बरोबरची खूणही मिळवली.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. संगणक कोणाचा तास घेतो, याचे उत्तर मताने देण्याची गरज नाही. यावर प्रयोग झाले आहेत आणि सुदैवाने आपल्या शेजारच्याच राज्यात झाले आहेत.

गुजरात सरकारने २००० साली वडोदरा शहरातील महापालिकेच्या शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा ते मुलांच्या शिकण्यासाठी वापरणाऱ्या शाळा फारच थोड्या निघाल्या. मग 'प्रथम' या संस्थेने त्यांतील काही शाळांत चौथीच्या मुलांसाठी गणिताच्या खेळांचा कार्यक्रम सुरू केला. आठवड्याला दोन तास, एका यंत्रावर दोन मुले. एक तास शाळेच्या वेळात, दुसरा शाळेच्या आधी किंवा नंतर. कोणत्या शाळांत कार्यक्रम घ्यायचा हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले होते, त्यामुळे उरलेल्या शाळांशी तुलना रास्त ठरते. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल व ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. गणितात पहिल्या वर्षी ०.३५ प्रमाण विचलन आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन इतकी वाढ दिसली.

प्रमाण विचलन हा शब्द वाचून पान उलटू नये. शंभर मुले गुणांच्या चढत्या क्रमाने रांगेत उभी आहेत असे समजा. मधोमध उभा असलेला मुलगा पन्नासावा. त्याच्या गुणांत ०.३५ प्रमाण विचलनाची वाढ झाली, तर त्याच जुन्या रांगेत तो चौसष्टाव्या जागेच्या आसपास जाऊन उभा राहील. एका वर्षासाठी ही प्रगती लहान नाही. तीन गोष्टी मात्र सोबत सांगायला हव्यात. भाषेत काहीच फरक पडला नाही. कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभराने या लाभाचा थोडाच भाग शिल्लक राहिला. आणि याच अभ्यासात दुसरा एक उपाय तपासला होता. त्याचे नाव 'बालसखी'. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळी बसवून शिकवी. तिनेही गुण वाढवले, आणि दर मुलामागे तिचा खर्च संगणकाच्या मानाने कित्येक पटींनी कमी आला. संगणक खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावाला हे कोष्टक जोडायला हवे असे मला वाटते.

याहून उद्बोधक आहे तो लिंडन यांचाच २००८ सालचा दुसरा अभ्यास. गुजरातमध्ये 'ज्ञानशाला' ही संस्था गरीब वस्त्यांत कमी खर्चाच्या शाळा चालवते. तेथील दुसरी-तिसरीच्या मुलांना गणिताची उजळणी करून देणारी एक संगणक आज्ञावली दिली होती. एकदा ती शाळेच्या वेळातून वेळ काढून वापरली, म्हणजे शिक्षिकेच्या शिकवण्याच्या जागी. पुढे ती शाळेच्या वेळाबाहेर, शिकवण्याला जोड म्हणून वापरली. शाळेबाहेर वापरली तेव्हा मुलांचे गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. शाळेच्या तासाच्या जागी वापरली तेव्हा ते ०.५७ ने घटले! आपल्या रांगेच्या भाषेत, एका मांडणीत पन्नासावा मुलगा एकसष्टाव्या जागी गेला आणि दुसऱ्या मांडणीत अठ्ठाविसाव्या जागी घसरला. यंत्र तसेच, आज्ञावली तीच. बदलले होते फक्त वेळापत्रक.

मग वडोदऱ्यात एक तास शाळेच्या वेळातला असूनही लाभ कसा झाला? मला दिसणारे उत्तर असे. ज्ञानशालेत शिकवण्याची पद्धत आखीव होती आणि शिक्षिका तिच्यात तयार झालेल्या होत्या. तिथे यंत्राने चांगला तास खाल्ला. वडोदऱ्याच्या वर्गांत चौथीतल्या अनेक मुलांना खालच्या इयत्तांचे गणितही येत नव्हते आणि फळ्यावरचा धडा त्यांच्या डोक्यावरून जात होता. तिथे यंत्राने जो तास घेतला तो मुलाच्या दृष्टीने रिकामाच होता. म्हणजे संगणक चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. तो कशाच्या जागी बसतो हे कळल्याशिवाय त्याचे मोल ठरत नाही.

एका संस्थेतल्या प्रयोगावरून जगभराचा नियम काढू नये, हे मीही मानतो. पण नुसती यंत्रे पोचवून काय होते याची मोठी परीक्षा पेरू देशात झालेली आहे. स्वस्त लॅपटॉप मुलागणिक देण्याच्या योजनेत त्या देशाने आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ साली जो अहवाल आला, त्यात गणित आणि भाषा या दोन्ही विषयांत काही सुधारणा आढळली नाही. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत मुले थोडी पुढे गेली, एवढेच. याच लॅपटॉपचा आपल्याकडचा पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या छोट्या गावात झाला होता.

एवढे वाचून एखाद्याला वाटेल की हा मनुष्य संगणकाच्या विरोधात आहे. तसे असते तर माझे पोट कशावर चालले असते! माझा आक्षेप असा की या सूचना यंत्राचे जे खास सामर्थ्य आहे त्याविषयी गप्प राहतात आणि जे काम त्याच्याशिवाय अधिक चांगले होते ते त्याच्यावर लादतात.

पुस्तिकेत 'परिसर अभ्यास' या सदरात बी रुजण्याची चित्रफीत दाखवावी असे सुचवले आहे. मुगाचे दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले तर दुसऱ्या दिवशी मोड येतात. महाराष्ट्रात असे एक घर दाखवा जिथे मुलाने मोड आलेली मटकी पाहिलेली नाही. फडके कोरडे पडले तर मोड येत नाहीत, पाण्यात बुडवून ठेवले तर दाणे कुजतात, चारदोन दाणे टणकच राहतात, आणि ते का राहिले असा प्रश्न कोणीतरी विचारते. चित्रफितीतला प्रत्येक दाणा रुजतो. तिच्यात काही बिघडत नाही, म्हणून विचारण्यासारखेही काही उरत नाही. हिमनदी, ज्वालामुखी, हृदयाची धडधड यांची चित्रफीत अवश्य दाखवावी. मुगाची कशाला?

आता उलट उदाहरण. 'लोगो' ही मुलांसाठी केलेली संगणकभाषा १९६७ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली. सेमूर पॅपर्ट हे तिचे एक जनक. मुले कशी विचार करतात याचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हात काही वर्षे काम केले होते. लोगोत पडद्यावर एक कासव असते. 'पुढे १००' म्हटले की ते रेघ ओढत शंभर पावले जाते, 'उजवीकडे ९०' म्हटले की जागेवर काटकोनात वळते. ही जोडी चार वेळा दिली की चौरस तयार. चौथीतल्या मुलाला हे पाच मिनिटांत जमते.

मग त्याला सांगा, समभुज त्रिकोण काढ. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे त्याने ऐकलेले असते. तो मोठ्या आत्मविश्वासाने 'पुढे १००, उजवीकडे ६०' हे तीन वेळा देतो. पडद्यावर त्रिकोण येत नाही. एक पसरट, अर्धवट उघडी आकृती येते. आणखी तीन वेळा तेच दिले तर षटकोन पुरा होतो! मुले येथे हसतात, मग गप्प होतात. चूक यंत्राची नाही हे त्यांना कळते, कारण चौरसाच्या वेळी त्याने ऐकले होते. कासव आतल्या कोनातून वळत नाही, बाहेरच्या कोनातून वळते, ही गोष्ट बहुतेकांना वहीवर समजावून समजत नाही. इथे कोणीतरी उठून स्वतः चालून पाहते आणि १२० सापडतो. चौरसात ९० चार वेळा, त्रिकोणात १२० तीन वेळा, षटकोनात ६० सहा वेळा. प्रत्येक वेळी एकूण ३६०, कारण कासव एक पुरी फेरी मारून पहिल्याच तोंडाने उभे राहते. बाह्यकोनांची बेरीज हा माध्यमिक शाळेतला विषय. इथे तो चौथीच्या मुलाच्या पायांत येतो.

हे अंगणात खडूने करता येणार नाही का? पुष्कळसे येते, आणि आधी अंगणातच करावे. पण एक फरक मी स्वतः पाहिला आहे. वर्गातला मित्र कासव झाला आणि त्याला '६० अंश वळ' असे सांगितले, तर त्याला ठाऊक असते की त्रिकोण काढायचा आहे. तो मित्राची चूक सांभाळून घेतो आणि बरोबर तेवढा वळतो. शिक्षकही पुष्कळदा हेच करतात. मुलाला काय म्हणायचे होते ते ओळखून बरोबरची खूण देतात. संगणकाला मुलाच्या मनातले कळत नाही. तो सांगितले तेवढेच करतो, लगेच करतो, रागावत नाही आणि विसाव्या वेळीही कंटाळत नाही. आपण नेमके काय सांगितले हे मुलाला दिसावे, यासाठी इतका निर्बुद्ध आणि आज्ञाधारक सोबती दुसरा नाही.

लोगोविषयीही भाबडेपणा नको. मुले लोगो शिकली की त्यांची एकूण नियोजनाची क्षमता आपोआप वाढेल अशी आशा अनेकांना होती. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी व मिडियन कर्लँड यांनी १९८४ च्या सुमारास ती तपासली, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. आकृती जमली की मूल पुढच्या आकृतीकडे पळते. 'तिन्ही वेळा ३६० का आले?' हे विचारायला शिक्षक लागतोच.

आणखी एका बाबतीत पुस्तिकेने हातची संधी घालवली आहे. चौथीत मजकूर टंकित करायचा, असे ती म्हणते. कोणत्या लिपीत, कोणत्या कळफलकाने, याचा एक शब्द नाही. प्रत्यक्षात होते असे की मराठी शाळेतले मूल रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवायला शिकते. ज्याची एबीसीडी अजून कच्ची आहे, त्याने 'शाळा' लिहायला एस, एच, ए शोधायचे. शिवाय त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ यांना रोमन अक्षर एकच, म्हणून पुन्हा युक्त्या पाठ करायच्या.

याला पर्याय फार पूर्वीपासून आहे आणि तो कोणत्याही संगणकात फुकट मिळतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८० च्या दशकात 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक ठरवला, आणि १९९१ साली तो भारतीय मानकात आला. त्याची रचना शिक्षकांनी एकदा तरी नीट पाहावी. डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजने. डावीकडे मधल्या ओळीत ओ, ए, अ, इ, उ आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर औ, ऐ, आ, ई, ऊ. उजवीकडे मधल्या ओळीत प, क, त, च, ट आणि डोक्यावर ब, ग, द, ज, ड. म्हणजे खाली कठोर वर्ण आणि वर त्याच वर्गातला मृदू वर्ण. शिफ्टची कळ धरून क दाबला की ख, ग दाबला की घ, त दाबला की थ. अल्पप्राणाचा महाप्राण झाला! वर्णमालेचे जे कोष्टक आपण भिंतीवर टांगतो, तेच बोटांखाली मांडलेले आहे.

पुढे जोडाक्षरे. 'विद्या' लिहायचे तर व, मग वेलांटी, मग द, मग पाय मोडायची कळ, मग य, मग काना. वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण दाबायची अक्षरानंतर, कारण आपण उच्चारतो त्या क्रमाने. द्य या अक्षरात द आधी आणि य नंतर आहे, हे तिसरी-चौथीतल्या पुष्कळ मुलांना कागदावर उमगत नाही. कळफलकावर ते टाळताच येत नाही. शुद्धलेखनाच्या तासाला याहून चांगली जोड मला सुचत नाही, आणि इथे संगणक मराठीचा तास खात नाही, त्याच तासात काम करतो. पुस्तिकेच्या लेखकांपैकी कोणी मराठीचे शिक्षक होते की नाही, कोण जाणे.

वेळेच्या मर्यादेबद्दल थोडे. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 'प्रज्ञाता' नावाच्या सूचना काढल्या. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला तीस मिनिटांपर्यंत आणि पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे, अशी मर्यादा त्यांत होती. त्या वेळी मुले दिवसभर पडद्यापुढे बसवली जात होती, तेव्हा कोणीतरी आकडा सांगणे आवश्यकच होते. परंतु आता वर्ग भरतात, आणि तेच आकडे वर्गासाठी उचलून चालणार नाही. पंचेचाळीस मिनिटे चित्रफीत पाहणारे मूल आणि पंचेचाळीस मिनिटे १२० अंश शोधणारे मूल यांचा वेळ घड्याळात सारखा भरतो, एवढेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आज्ञावली लिहिण्याचे उपक्रम सहावीपासून पुढे सुचवले आहेत. ते ठीकच आहे. त्याआधीच्या पाच वर्षांत काय करावे हे ठरवायला मात्र पुन्हा बाईंचाच प्रश्न विचारावा लागेल.

बाईंकडे एक चालू संगणक आहे, मुले चौतीस. पुस्तिकेप्रमाणे सर्वांना आळीपाळीने खोलीत न्यायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला दोन-तीन मिनिटे येतात आणि खोलीबाहेर उभे राहण्यात एक तास जातो. आम्ही दोघांनी बसून वेगळी मांडणी काढली. यंत्र कुलपाच्या खोलीतून वर्गाच्या कोपऱ्यात आणायचे. गणिताच्या किंवा मराठीच्या चालू तासातच दोन-दोन मुलांनी तिथे जायचे, बाकीच्यांनी तेच काम वहीत किंवा अंगणात करायचे. पाच मिनिटांनी माउस दुसऱ्याच्या हाती गेलाच पाहिजे, कारण जोडीत मुलगा-मुलगी असली की तो कोणाकडे राहतो हे बाईंनी आधीच पाहून ठेवले होते. आणि कोणत्या मुलाचा कोणता भाग बुडाला, याचा एक रकाना नोंदवहीत वाढवायचा.

यंत्र खोलीबाहेर आणायला मुख्याध्यापकांची परवानगी लागते. पुस्तिकेतील सूचना क्रमांक चारप्रमाणे ते खोलीतच असायला हवे, म्हणून अर्ज वर गेला आहे. तोपर्यंत कासव अंगणात चालते. परवा बाईंचा फोन आला होता. कासव झालेल्या मुलीने ६० म्हटल्यावर ६०च वळून दाखवले आणि आज्ञा देणाऱ्याशी तिचे भांडण झाले.